मावळातला सर्वात फास्ट कॉम्प्युटर

वर बघू नका म्हणलं ना! बघितलंच! तुमाला सांगतो, माणसाला 'वर बघू नका' म्हणलं की त्याची मान आधी वर जाती... व्हय, व्हय, तो गॉगलवाला मीच हाय. रखमाजी. आन् बोट वर केलंय ते पाऊस कुटवर आलाय ते दाखवाया न्हाई, फ्लेक्सवर तशी पोझच असती. खावा तुमी भजी. गड उतरून आलाय, भूक लागली आसंल. ही भजी तळती ती भागुआक्का, माझी थोरली भन. स्टॉल तिचाच. छप्पर गळत व्हतं म्हणून तिनं माझं थोबाड वर ताणलंय, आन् आता निम्मी पुण्याची आयटी लोहगड चढती, उतरती आन् माझ्या थोबाडाखाली चा पिती! लाज वाटती ओ. लय लाज वाटती. फ्लेक्स लावायला नको व्हता.

जोरात नका वाचू! "मावळातला सर्वात फास्ट कॉम्प्युटर आमच्या कुसगावात! श्री. रखमाजीशेठ यांचे हार्दिक अभिनंदन!" आता शेठ कोण? मी. अभिनंदन कुणी केलं? मीच. माझं मीच!

झालं काय, माझी पोरगी मानसी. डिझायनिंग शिकली, कुसगावात रोडला आमचा एक गाळा हाय तितं फ्लेक्स करून देती... वाढदिवस, बारसं, दशक्रिया, जे येईल ते. जुना कॉम्प्युटर आसा की एक फोटो उघडायला लावायचा आन् पोरीनं घरी जाऊन भाकरी खाऊन यायची, तरी ते गोल गोल फिरतच! म्हणून नवा घ्यायला पुण्याला गेलतो. मानसीनं एक साधा बघून ठेवलेला. "पप्पा, हा बास. काम होतंय." पण बाप संगट ना! दुकानातलं पोरगं गोड बोलाया लागलं, "काका, लेटेस्ट हवंय की चालणारं?" आता सांगा, हा काय प्रश्न हाय? 'चालणारं द्या' म्हणायची कुणाची छाती हाय? म्हणलं, "लेटेस्टच द्या!" तर म्हणतो कसा, "प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, काका. हा एकदम टॉप. ह्याच्यापुढे सध्या काहीच नाही."

सध्या! त्या 'सध्या'कडं कान द्यायला पायजे व्हता मी. मानसी मागून शर्ट ओढती, "पप्पा, नवीन यायचंय म्हणत्यात, थांबू या थोडं." म्हणलं, "थांबायचं ते त्यांनी, आपण न्हाई."

घरी आणला. बायकोनं, सवितानं, उंबऱ्यातच भाकरतुकडा ओवाळला, डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, टीव्हीला, म्हंजी त्या मॉनिटरला, झेंडूचा हार घातला, आन् मी नारळ उगारला तशी मानसी दोन्ही हात पसरून मदी! "पप्पा, पाणी उडंल!" म्हणलं बरं, बाहेर फोडतो. हितवर थांबलो असतो तरी आज ताठ मानंनं तुमच्यापुढं बसलो असतो. पण न्हाई! म्हणलं, "मानसी, नव्या मशीनवर पहिलं काम आपलं. फ्लेक्स कर." ती म्हणती, "पप्पा, कॉम्प्युटरचा फ्लेक्स कुणी लावतं का?" "का न्हाई लावत? जेसीबीचा लावत्यात, बैलजोडीचा लावत्यात, आपल्या अमृतनं कुत्र्याच्या वाढदिवसाचा लावला!"

अमृत म्हंजी माझा चुलतभाऊ. टुरिस्टांना बंगले भाड्यानं देतो. हा गॉगल बी त्याचाच, फोटोपुरता मागून आणलेला. आन् खाली 'शुभेच्छुक' म्हणून पहिला फोटो अमृतचाच टाकाया लावला, त्याला न इचारता! जळू दे म्हणलं.

पोरीनं गप करून दिला.

आन् लावला कुटं? कुसगावच्या वळणावर! शनिवार-रविवारी तितं गाड्या आशा तुंबत्यात की वीतभर पुढं जायचं आन् थांबायचं. गाडीत बसून माणूस करणार काय? वाचणार! आन् मी दर शनिवारी पांढरी कापडं घालून खाली उभा. मुद्दाम न्हाई... म्हंजी मुद्दामच, पण सहज उभं राहिल्यागत. मिशीवर हात. काय ते दिवस व्हते!

मग एक शनिवारी गाडीची काच खाली आली. चष्मेवालं पोरगं. "काका, हे तुम्हीच का?" म्हणलं, "व्हय." "कोणता प्रोसेसर आहे?" मी नाव, नंबर, शेवटचं अक्षर, सगळं पाठ केलेलं, घडाघडा म्हणून दाखवलं. तर त्यो काय म्हणला आसंल? "अच्छा... म्हणजे मागची जनरेशन. नवीन कालच आली ना!"

मागची! आवो, आमच्यात मागची जनरेशन म्हंजी माझा बाप! त्याला मागं पडाया सारा जलम लागला, आन् ह्या कॉम्प्युटरचा हार आजून उतरवला बी नव्हता! मागं बसलेली पोरगी म्हणती, "काका, हलू नका हं, फ्लेक्ससकट फोटो घेते. किती गोड!" म्हणलं घे बाई आन् जा एकदाचे. पण जातील कुटं? ट्रॅफिक! गाडी जागची हलंना, मी जागचा हलंना. मागच्या गाडीवाल्यानं त्याला इचारलं, त्यानं त्याला सांगितलं, त्यानं त्याच्या मागच्याला... "मागची जनरेशन, मागची जनरेशन" करत बातमी पार एक्सप्रेस-वेला जाऊन भिडली! आन् मी खाली उभा, पांढऱ्या कापडात. फ्लेक्स लावायला नको व्हता ओ...

सांजच्याला टपरीवर गेलो, तर शेजारचा दत्तोबा बाकावर सरकून म्हणतो, "या, मागची जनरेशन! बसा!" नाव पडलं ते पडलंच.

मी थेट गाळ्यात. "मानसी, हा इकून टाक, नवीन घेऊ." तर ती मान बी वर न करता म्हणती, "पप्पा, काल जेवढं पळत व्हतं तेवढंच आज पळतंय. नवीन आलं हे मशीनला कुटं माहितीये? तुमालाच कळलंय."

बरोबरच व्हतं तिचं. पण लोकं! फ्लेक्स लावून मीच सगळ्यांना फास्ट-फास्ट शिकवलेलं. आता गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "तुमच्याकडं जुनं मशीन हाय म्हणं, आमी लोणावळ्यातनं करून घेतो." पोरगी दिवस मावळायच्या आत शटर ओढून घरी याया लागली.  माझ्या मिरवण्यापायी पोरीचा धंदा बसाया लागला! दुसरी आसती तर भांडली आसती. ती मलाच चा करून द्यायची. लाज म्हंजी काय ते मला त्या कपात कळलं, बघा.

म्हणलं, आधी ते वरचं थोबाड उतरवतो. रविवारी दिस उगवायला बांबूवर चढलो. एका बाजूची दोरी कापली आन् वारा सुटला! निम्मा फ्लेक्स सुटला तो माझ्याच अंगाभोवती गुंडाळला. आत मी, बाहेर मी! हलता येईना, उतरता येईना, आन् खाली रविवारच्या गाड्या सुरू. हॉर्नवर हॉर्न. तेवढ्यात खालनं आवाज, "भाऊ, काय करताय?" अमृत! आता काय सांगू? म्हणलं, "पुसतोय!"

"पुसा, पुसा. पुसून झालं की उतरवा. तितं माझा लावायचाय."

घेतला त्यानं बी कॉम्प्युटर! नुकताच निघालेला, नव्या जनरेशनचा! आवो, ह्याला कशाला पायजे? ह्याचं बुकिंग सगळं फोनवर! पण माझा फोटो वर, त्याचा खाली, ते झोंबलं व्हतं ना. आन् फ्लेक्स कुणाकडं टाकला? मानसीकडंच. मावळात तिच्यासारखा दुसरा करतंय कोण?

गाळ्यात मी मागं उभा. अमृत बाजूला छाती फुगवून. मानसीनं मशीनवर माझाच जुना फ्लेक्स उघडला, माझा फोटो काढला, अमृतचा बसवला, 'मावळातला सर्वात फास्ट' तसंच ठेवलं... बस, झालं. आमच्या मागच्या जनरेशनवर! अमृत म्हणतो, "झालं पण? आमच्या नव्यावर एवढ्यात पत्त्यांचा गेम बी चालू हुईत न्हाई." ते त्यो बाहेर बी बोलला, फुशारकीत का भोळेपणात कुणास ठाऊक, पण गिऱ्हाइकं परत आली. मानसीचं शटर परत दिवे लागंस्तवर उघडं राहाया लागलं. आन् मला त्या मशीनपुढं मान वर करवंना. ज्याला इकायला निघालो व्हतो ते गपगुमान राबत व्हतं.

पण फ्लेक्स छापून आला आन् बघतो तर खाली शुभेच्छुकात पहिला फोटो कुणाचा? माझा! तोच गॉगल, तेच बोट! "मानसी, आगं हे काय?" "पप्पा, तुमी काकाचा टाकलेला ना? आन् फोटो तयारच व्हता."

पुढं काय झालं ते सांगायला पायजे का? एक शनिवारी गाडीची काच खाली आली. मी लांबनं बघत व्हतो. काय बोलले ते ऐकू आलं न्हाई, पण अमृतचा मिशीवरचा हात हळूहळू खाली आला तवाच वळाखलं.

अमृतचा फ्लेक्स ना? तुमच्या पाठीमागं. जिकडनं पाऊस मारतो तिकडं आक्कानं आडवा बांधलाय. तितं बी मीच हाय, खाली कोपऱ्यात. वर मी, मागं मी! नका बघू ओ...

आन् तुमच्या पिशवीत काय हाय? लॅपटॉप? गडावर? बरं बाबा, काम आसंल. नवा दिसतोय. कधी घेतला?... आत्ताच? आन् दुकानदार काय म्हणला, लेटेस्ट?... 'सध्या' म्हणला का त्यो?... म्हणला?

आक्का, सायबांना आजून एक पलेट भजी दे गं, माझ्याकडून. आन् सायब, आता बघा वर. खुशाल बघा.