बालिंतचा गुडघा

– अगं बस, उठू नकोस, एकाच पात्याला धार झालीय, दुसरं राहिलंय, आणि एका पायाने नाचणार आहेस का तिकडे? बस. तो हीटर तुझ्याकडे वळवून घे. सेंदाईहून आलीस ना, पाय आखडले असतील गाडीत. रिंक तशीही बंदच आहे आत्ता, बर्फ गुळगुळीत करायचं मशीन फिरतंय, ते निघाल्याशिवाय तुला कोणी आत सोडायचं नाही. आणि घाबरू नकोस. तोंडावर दिसतंय तुझ्या. तू नको सांगूस, मी सांगते – जोडीदार बघायला आलीयस. बरोबर? कसं ओळखलं म्हणजे – बूट जुने, झिजलेले, एकेरी स्केटिंगचे, आणि पाती मात्र नवीकोरी, मागून आखूड, आईस डान्सची. शिवाय आई बरोबर नाही, आणि तुमच्या शिकवणाऱ्या बाई गाडीत बसून फोनवर कुजबुजतायत. मी काय आजच आलेय का या धंद्यात. त्याचं नाव नाही विचारत मी. ती पद्धतच आहे आपल्यात – जमेपर्यंत नाव काढायचं नाही, नाही जमलं तर दोघांनाही तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून. लग्नासाठी बघायला जातात तसंच सगळं, फक्त इथे मुलग्यांना भाव. मुली ढिगाने, मुलगे हाताच्या बोटांवर. एखादा उंच, खांदे बरे, ठेका न चुकवणारा सापडला की चार देशांच्या मुली त्याच्या दारात उभ्या.

मी? मी इथली नाही गं. म्हणजे आहे याच गावची, हाचिनोहेचीच, नाव नात्सुबोरी मिझुहो, मासळीबाजारात कोणालाही विचार, वडिलांचं दुकान दाखवील – पण या काउंटरवर मी पाहुणी. थोडे दिवस म्हणून बसले. माझ्या जोडीदाराचा गुडघा दुखावलाय, तो बरा होईस्तोवर. बालिंत त्याचं नाव. हंगेरीचा. आम्ही हंगेरीकडून खेळतो. खेळायचो नाही हं, खेळतो. गुडघ्याचं जरा लांबलं इतकंच – दोन वर्षं होतील आता – पण या शरदात उभे राहू पुन्हा, म्हणालाय. एक ऑलिंपिक राहिलंय माझं. तेवढं एक होऊ दे, मग मी जन्मभर इथे बसून भाड्याचे बूट पुसायला तयार आहे. – काय झालं? ठसका लागला? पाणी तिथे आहे बघ, कोपऱ्यात.

तर पहिला माझा जोडीदार ताकुतो. इथलाच, नदीपलीकडचा, घरचं गॅरेज. बाकीच्या पोरांना मुलीचा हात धरायची लाज वाटायची, याला वाटली नाही, एवढ्या एका गुणावर आमच्या बाईंनी त्याला निवडलं. जपानकडून खेळलो आम्ही ज्युनियरला. बरे होतो गं, खरंच बरे होतो. मग एके दिवशी सराव संपल्यावर बूट काढता काढता म्हणाला, मी उद्यापासून येत नाही, वडिलांना गॅरेजात माणूस हवाय. बूट बाकाखाली ठेवले आणि गेला. तेव्हा वाटलं जीव द्यावा. आता वाटतं, किती सरळ मुलगा. तोंडाकडे बघून सांगितलं ना त्याने. दुसरा दानियार, कझाकस्तानचा. त्याच्यासाठी अल्माटीला जाऊन राहिले, त्याच्या आईकडे, ती बाई रोज मला घोड्याचं मटण वाढायची आणि माझे दंड चाचपून हळहळायची. एक हंगाम कझाकस्तानकडून नाचले. हो, चालतं की. तू एकेरीतून आलीस म्हणून तुला माहीत नाही – जागतिक स्पर्धेला दोघांपैकी एक जण त्या देशाचा असला की पुरतं. ऑलिंपिकला मात्र दोघांचाही पासपोर्ट त्याच देशाचा लागतो. ते लक्षात ठेव, तिथेच सगळी मेख आहे. दानियारचं पुढे लग्न ठरलं, आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला माझ्या कमरेवर त्याचा हात बघवेना. तिचं तरी काय चुकलं म्हणा. त्यानेही सांगितलं. एवढा आडदांड बाप्या, स्टेशनवर सगळ्यांदेखत रडला.

आणि मग बालिंत. बुडापेस्टला पहिल्यांदा नाचलो त्याच दिवशी कळलं, हाच. कसं कळतं ते विचारू नकोस, आज तुला कळलं तर कळेल, नाही तर नाही. मी हातमोजे घालत नाही, कधीच नाही, कितीही थंडी असो. वडिलांची सवय उचलली – ते मासा उघड्या हाताने कापतात, म्हणतात मोजा घातला की माशाचा काटा कळत नाही बोटाला. मलाही समोरचा वळणार आहे ते त्याच्या बोटांतून आधी कळतं, पण त्यासाठी उघडा हात लागतो. बालिंत चिडायचा, बोटं गळून पडतील म्हणायचा, माझ्या स्वेटरच्या बाहीत हात खुपसून उभा राहायचा. मग लागली त्यालाही सवय. लोकांना वाटायचं आमचं काहीतरी आहे. काही नव्हतं गं. नवरा असता तर भांडून माहेरी तरी आले असते. हे त्याहून चिवट असतं.

देश कुठला, यावर पहिली बोलणी झाली. मी आपलं भीत भीत म्हटलं, जपानकडून खेळूया का, आमच्याकडे मुलगे नाहीत, तुला डोक्यावर घेतील. तो म्हणाला, ‘मिझुहो, देश म्हणजे काय बूट आहे का, एक काढून दुसरा घालायला? माझी आई मरेल.’ मला इतकी लाज वाटली, इतकी, की असलं काही मी विचारलंच कसं. त्याची समजूत घालण्यातच माझा आठवडा गेला. मग बूट मीच काढला. म्हणजे – देश. आपल्याकडे दोन पासपोर्ट ठेवता येत नाहीत ना. तिकडचा घेतला की इकडचा गेला. वडिलांना सांगितलं तेव्हा ते सुरमई साफ करत होते, ते करतच राहिले. आई तेवढं म्हणाली, मग नवीन वर्षाला तुला घरी येऊ देतील ना? मी म्हटलं, व्हिसा काढून येईन. हसत म्हटलं. आईपण हसली. आता विमानतळावर परदेशी लोकांच्या रांगेत उभी राहते मी, आणि परवा फोनच्या दुकानातला पोरगा माझं परदेशी रहिवाशाचं कार्ड बघून म्हणाला, ताई, तुमचं जपानी छानच आहे हो, नुसता उच्चार थोडा आमच्या इकडचा, आओमोरीचा वाटतो. काय सांगणार त्याला. हस, हस तू, मीही हसले. हंगेरीत एक बरं आहे, तिथेही आडनाव आधी लावतात. तेवढंच आपलं.

आणि एवढं करून ऑलिंपिकला गेलोच नाही आम्ही. पात्रता फेरीत पडले मी. शेवटच्या लिफ्टमधून, म्हणजे तो मला उचलून धरतो ना, त्यातून खाली येताना. एका जागेने हुकलं, आणि पेपरांनी माझाच फोटो छापला, बर्फावर बसकण मारलेली. होतात चुका. त्यानंतर त्याचा गुडघा दुखायला लागला, डॉक्टर म्हणाले विश्रांती, तो म्हणाला तू घरी जा, मी कळवतो. कळवतो की अधूनमधून. या रविवारीच मेसेज होता – अजून सूज आहे, धीर धर. धरलाय. मी अजून रोज पहाटे नाचते इथे, एकटी, त्याच्या जागी हवा धरून. त्याला मात्र सांगितलंय की मी टोकियोत मोठ्या रिंकवर शिकवते. भाड्याचे बूट देते म्हणून कसं सांगणार.

हं, झालं बघ दुसरं पण. ये, घालून बघ. घोट्याशी घट्ट आवळ, वर सैल. आणि ते हातमोजे पिशवीत का कोंबलेस? घाल, आत थंडी मरणाची आहे, आणि मी घालत नाही म्हणून तू – काय? उघड्या हाताने यायला सांगितलंय? कोणी, बाईंनी?

त्याने.

थांब. नाव नको. नको काढूस, पद्धत म्हणजे पद्धत. मी दुसरं काही विचारते, तू नुसती मान हलव. परदेशी आहे? बरं. असतील, पुष्कळ परदेशी मुलगे आहेत, हल्ली फॅशनही असेल उघड्या हातांची, मला काय माहीत, मी इथे बसलेली. कुठल्या देशाकडून खेळणार तुम्ही, जमलं तर? – जपान. जपानकडून. त्याला चालतंय? आईला विचारलं का त्याने? नाही, तुला कसं माहीत असणार. गुडघा? पट्टा बांधतो गुडघ्याला? नाही. आणि सेंदाईला तुम्ही त्याला नाचताना बघितलंय का आधी? कधी? – उन्हाळ्यात. उन्हाळ्यात नाचत होता. उड्या मारत होता. बरं. आणि हे हाचिनोहे कोणी सुचवलं? तुमच्या बाईंनी? मान हलव गं, रडतेस कशाला, मी कुठे तुला काही म्हणतेय. त्यानेच. इथला बर्फ चांगला म्हणाला. कडक असतो म्हणाला ना, आणि कोपऱ्यात आवाज येत नाही? मीच सांगितलंय त्याला ते. याच गावात माझ्या आईने त्याला सेम्बेईचं, आपल्याकडच्या त्या कुरकुरीत पापड्यांचं सूप वाढलंय, तीन वाट्या, चौथी मागायला लाजत होता तर वडिलांनी स्वतःची त्याच्यापुढे सरकवली. वडील कोणाला आपली वाटी देत नाहीत.

तुला माहीत होतं. मी नाव घेतलं तेव्हाच, तो ठसका. आणि तू बसून राहिलीस, मी बोलत राहिले. नाही, तुझं बरोबरच आहे, तुला शिकवलंय तसं वागलीस. माझंच तोंड. देश नाही बदलता येत म्हणणारा माणूस, बघ ना. तसा त्याने बदललाही नाही, त्याला काहीच सोडावं लागणार नाही, जागतिक स्पर्धेला तुझा पासपोर्ट पुरेल. सोडायचं ते सोडून झालंय माझं. आणि ज्या झेंड्यासाठी मी विचारायलासुद्धा लाजले, तो याला आता चालतो. तुझ्याबरोबर चालतो. माझ्याबरोबर का नाही चालला गं? नाही, तू नको सांगूस. तुझं वय काय, अठरा? तुला कुठून ठाऊक.

मी रागावलेय. हो, रागावलेय, पण तुझ्यावर नाही. हे बघ, तुझी पाती मी नीट केलीयत, दोन्ही सारखी, त्यात काही कमीजास्त नाही. आणि आता एक सांगते ते ऐक, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, वडिलांनाही नाही. शेवटच्या लिफ्टमधून उतरवताना तो हात लवकर सोडतो. दमला की सोडतो. लोकांना दिसत नाही, परीक्षकांनाही दिसत नाही, मुलगी पडलेली तेवढी दिसते. मी पडले नव्हते. पडेनच कशी, झोपेत नाचू शकते मी ते. बाहेर आलो तर तो म्हणाला, तुझा पाय सरकला म्हणून सांगशील का, नाहीतर माझं पुढे काही राहणार नाही. सांगितलं मी. सगळ्या माइकसमोर सांगितलं, जपानीत सांगितलं, त्याच्या भाषेत सांगितलं, वाकून माफी मागितली दोन देशांची. तर तू त्याच्या मनगटावरची बोटं सोडू नकोस, तुझा पाय बर्फाला लागेपर्यंत. तो रागावला तरी धरून ठेव. तेवढं केलंस तर तो चांगला आहे. नाचायला फार चांगला आहे तो. ते खोटं कशाला बोलू.

नाचू का म्हणून मला विचारतेस? मी नको म्हणाले तर तू नाही नाचणार का? बघ. मग विचारतेस कशाला. नाच. फक्त – नाही, काही नाही. जा.

मशीन निघालं बाहेर. दारही उघडलं. आणि तो बघ, आलाच, जिन्यावर. दाढी ठेवलीय. आणि दोन-दोन पायऱ्या उतरतोय एकदम, बघ तरी. नाही, मी नाही येत काउंटर सोडून, तू हो पुढे, बर्फावर जा, गार होतील पाय. जा म्हटलं ना. त्याला बघू नकोस, तो इकडे येतोय तर येऊ दे.

या. माफ करा, मला तुमची भाषा येत नाही. बूट भाड्याने हवेत? पायाचा नंबर सांगा.