एका उत्तराची दुरुस्ती

सीमंतिनी : पण नावं तर काढून टाकतात ना? सर्वेवाली गरिमा म्हणाली होती, नाव कुठंच लागणार नाही.

श्रीपाद : नाव नाहीच आहे. दर्पण कॉलनी. नवरा एक्केचाळीस, दमा. सासू शहात्तर, दोन्ही गुडघे बदललेले. एक मुलगी, नऊ वर्षांची. कुणाचं घर आहे हे?

सीमंतिनी : आपलंच. मग? गरिमा आली तेव्हा तुम्हीच तर नई सडकेवरून कचोऱ्या आणल्यात.

श्रीपाद : बायकांचे प्रश्न एकटीला विचारायचेत म्हणून मला बाहेर काढलं होतं. कचोऱ्या त्यामुळे आल्या.

(रविवारची दुपार. शहराच्या आरोग्य पाहणीतली माहिती तपासून ती नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची, हे श्रीपादचं ऑफिसचं काम. कुठल्या वस्तीला किती नर्स आणि किती खाटा, ते त्यावरून ठरणार. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर. समोर बायको मटार सोलते आहे.)

श्रीपाद : इथं मी सांगितलंय, आणखी मूल हवं. आणि खाली तुझ्या फॉर्ममध्ये... वाच.

सीमंतिनी : वाचायचं काय त्यात? मीच लिहवलंय.

श्रीपाद : मूल न होण्याचं ऑपरेशन, तीन वर्षांपूर्वी. सीमंतिनी, हे खरंय?

सीमंतिनी : एकदम खरं. तुम्ही भोपाळला ट्रेनिंगला होतात.

श्रीपाद : तीन वर्षं! दर महिन्याला विचारायचो तुला, आणि तू म्हणायचीस, बघू, देवाची मर्जी. दोष माझ्यातच असणार म्हणून मी तपासण्या करून घेतल्या. आठ महिने गोळ्या खाल्ल्या. त्या गोळ्यांवर दूध कोण आणून देत होतं?

सीमंतिनी : मी. ती गलती माझी. तेवढी कबूल.

श्रीपाद : तेवढी? केसानं गळा कापलास तू माझा.

सीमंतिनी : आणि माझं काय झालं होतं? तिसऱ्यांदा पोट पडलं. रक्ताची बाटली लावलेली. डॉक्टरीण सांगून गेली, आता पुन्हा नको. आणि तुम्ही पलंगाशी उभे राहून म्हणालात, पुढच्या वेळी सगळं ठीक होईल.

श्रीपाद : अगं, धीर द्यायला म्हणालो.

सीमंतिनी : मला धडकीच भरली.

श्रीपाद : ऑपरेशनला सोबत कोण होतं?

सीमंतिनी : आई.

श्रीपाद : तुझी?

सीमंतिनी : तुमच्या.

श्रीपाद : आई? दर सोमवारी ती माझ्याबरोबर अचलेश्वराला येते. नातू मागायला!

सीमंतिनी : नातू तुम्ही मागता. त्या काय मागतात, विचारलंत कधी?

श्रीपाद : म्हणजे या घरात मीच एकटा मूर्ख. एका तिऱ्हाईत बाईला दहा मिनिटांत खरं सांगितलंस, आणि मला नाही. हे फार लागलं मला.

सीमंतिनी : तिनं विचारलं आणि चुपचाप ऐकून घेतलं. तुम्ही उत्तर ठरवूनच विचारायला येता.

श्रीपाद : आता सिस्टीम ही ओळ घेत नाहीये. नवरा-बायकोची उत्तरं जुळत नाहीत, म्हणते.

सीमंतिनी : खोटं तर त्यात एकही नाही.

श्रीपाद : खरं-खोटं तिला नाही कळत. एक कुठलं तरी बदलल्याशिवाय ती पुढं जाऊ देत नाही.

सीमंतिनी : मग तुमचं बदला. माझं आता बदलणार नाही.