वारा कुठून आहे ते बघा

मंडळी, धुळीपासून कॅमेरा वाचवायचा तर विश्वास कुणावर ठेवाल, मुंबईच्या कॅमेरेवाल्यावर की डोळखांबच्या भागाबाईवर? लढाईचे दिवस होते, नवी फिल्म कुठं मिळत नव्हती आणि माझ्या कॅमेऱ्यात शेवटचा एकच फोटो उरला होता. भागाबाईच्या मुलानं पलटणीतून आईचा फोटो मागवला होता. मुंबईवाल्यानं बजावल्याप्रमाणं मी कॅमेरा रेशमात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात घालून नेला आणि तिच्या खळ्यावर उघडला. ती सुपानं भात वारवत होती. क्षणात भिंगावर भुसाच भुसा!

"भागाबाई, हात थांबव जरा!"

"मी थांबंन शेट, वारा थांबंल काय? तुमी भुसा उडतो तिकडं उभं रायलाव. दाणं पडतात तिकडं या!"

"तिकडं धूळ नाही?"

"येवढी वर्सां आमचं भात घेताव नि येवढं ठावं नाय?"

खळ्यावरच्या बायका खो खो हसल्या. भागाबाईनंच दिलेल्या कोंबडीच्या मऊ पिसानं मी भिंग झाडलं, दाण्यांच्या बाजूला जाऊन वाऱ्याकडं पाठ केली आणि ती हसतेय तोवर फोटो घेतला. मुलाचं पत्र आलं, 'आईचे दातसुद्धा मोजता आले.'

आता ही युक्ती तुम्ही चारचौघांत सांगालच. तेव्हा हिशेब चोख ठेवा, ती भागाबाईच्याच नावावर जमा करा.