पांघरूण घोट्यापर्यंतच

हॅलो? … हां दीक्षा, बोल. … दवाखान्यात ड्यूटीवरच हाय, डॉक्टर यायच्यात अजून. … का रडायलीस गं पोरी?

… कोण आजी? … हां, तुझ्या फिलिपिन्सच्या वॉर्डातली. … तू विचारलंस, 'पाआ' दुखतंय का… व्हय, मनिलात शिकलीस ना टागालोग, 'पाआ' म्हंजी पाऊल. … ती व्हय म्हणली. तू पाऊल बघितलंस. मग चुकलं काय?

… मांडी? … तुमच्या दवाव शहरात सेबुआनो बोलत्यात, त्यात 'पाआ' म्हंजी मांडी. आन् आजीची बोली हिलिगायनॉन, त्यातबी मांडीच? … न्हाय गं, हसत न्हाय. हिकडं उमरग्यातबी तेच हाय, कोस दोन कोसावर बोली बदलती.

… मांडीवर गळू? … दोन दिवस कुणालाच दिसलं न्हाय? … आता कशी हाय ती? … चिरा दिला. ताप उतरला ना? … मग बरंय.

एक मिनिट… बिराप्पा, बसा तिथंच. पोटाचं ना? गोळी देते.

… हां. न्हाय, डॉक्टरकी सोडून घरी यायचं तिकीट काढायचं न्हाय. … अगं ऐक ना! … लायकी न्हाय, लायकी न्हाय, तीनदा ऐकलं. आता माझं ऐक. तू पांघरूण कुठवर उचललंस? … घोट्यापर्यंत. का? … आजी लाजली. आन् तूबी लाजलीस.

… शब्द ऱ्हाऊ दे बाजूला. शांताक्का आठवती? आळंदची, कानडी बोलायची… तीच. पोट म्हणली, म्या पोटाची गोळी दिली. दारात जावई उभा, म्हणून लुगडं सैल कर म्हणले न्हाय. जांघेत हर्निया अडकलेला. रातोरात सोलापूरला न्यावं लागलं.

… वाचली. पण त्यावरनं मला कधी एका शब्दानं बोलली न्हाय. लई लागतं गं ते अजून.

… तवापासून? पडदा ओढायचा, पेशंटचाच हात धरायचा, ठेव म्हणायचं जिथं दुखतंय तिथं. … रोज जमतं असं न्हाय. गर्दी असली की विसरते.

… माफी कुठल्या भाषेत मागायची? मला काय ठावं. म्या तर शांताक्काची मराठीतबी मागितली न्हाय, कानडीतबी न्हाय. तू जा. हात धरून बस तिच्याजवळ. … आत्ताच जा. … हां. जेव मग. ठेवते.

बिराप्पा… या आत. न्हाय, गोळी ऱ्हाऊ द्या. पडदा ओढते. सदरा वर करा आन् हात ठेवा बघू, कुठं दुखतंय.