आवाज न करणारं जॅकेट

एवढं महागाचं जॅकेट, पैसे वसूल झाले का म्हणताय? मग ऐका राव.

माझा मेव्हणा प्रशांत पुण्याहून आमच्याकडे ओतूरला आला, तो शिकाऱ्यांचं परदेशी जॅकेट घालूनच. शिकार करायची नव्हती. उसाच्या कडेला बसून बिबट्याचा फोटो काढायचा होता.

शेजारच्या सखूकाकू तेव्हा रानात निघाल्या होत्या. त्यांनी त्याची बाही चोळून पाहिली.

"आवाजच येत न्हाई रं याचा."

"तीच तर कमाल आहे, काकू. वासही दबतो. उसात बसलो तर दोन हातांवरून दिसणार नाही."

काकूंनी बाही सोडली.

"आमचं मालक असंच गवत कापत बसलं व्हतं. खाली वाकून, गप. बिबट्याला वाटलं, काय तरी जनावर हाय. झडप घालून नेलं त्यास्नी. मानूस हाय हे कळलं असतं, तर गेला असता त्यो निघून."

आमच्याकडे उसाजवळ जाताना माणूस खोकतो, मोबाईलवर गाणी लावतो, काठी आपटतो. हे खरं तर मीच प्रशांतला आधी सांगायला हवं होतं.

काकूंनी आपल्या काठीची दोन घुंगरं सोडली आणि त्याच्या जॅकेटच्या चेनला बांधली.

"आता जा. वाजत जा."

फोटो काही मिळाला नाही. परवा फोनवर मी त्याला हेच विचारलं, "काय रे, पैसे वसूल झाले का?"

"जॅकेटचं माहीत नाही," तो म्हणाला. "घुंगरं मात्र अजून सोडली नाहीत."