आबांच्या दोन गोळ्या

माझं माहेर नरडाण्याच्या पुढचं एक लहान गाव, सासर जळगावजवळ असोद्याला, आणि शिक्षण असं तुटक-तुटक झालं की काय सांगू तुम्हाला, बी.एस्सी. झाले, लग्न झालं, मुलगी दहावीला गेली त्या वर्षी मी फार्मसीच्या पदविकेला बसले, वर्गातली मुलं मला काकू म्हणत, आणि मी शेवटच्या बाकावर बसे, कारण चारचौघांत तोंड उघडायची मला लहानपणापासून लाज. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या लाजेपायी घडलं.

सुरुवातीला मी जळगावात एका खाजगी दवाखान्याखालच्या मेडिकलवर होते. माझ्या वडिलांना, आबांना, रक्तदाब निघाला तो त्याच दवाखान्यात, त्यामुळे डॉक्टर लिहून देत ती गोळी माझ्याच हातून आबांना जाई, आणि ते पूर्ण किंमत देत, लेकीकडून सूट कशाला म्हणत. त्याच औषधाची स्वस्त पट्टी बाजारात असते हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण मालकांना काय वाटेल, डॉक्टरांना काय वाटेल, या विचारात मी गप्प राहिले.

मग सरकारी रुग्णालयात कंत्राटावर लागले, औषधाच्या खिडकीवर. तिथे ती गोळी फुकट मिळते. तेच औषध, तितक्याच ताकदीचं, फक्त पट्टी साधी आणि गोळीचा रंग वेगळा. आबांना तिथल्या डॉक्टरांना दाखवून महिन्याच्या गोळ्या घेऊन दिल्या. देताना नीट सांगायला हवं होतं ना, की आबा, पहिली गोळी बंद, ही तीच आहे. पण तसं म्हटलं तर ते विचारतील, मग इतके दिवस मला महागाची का दिलीस, म्हणून मी एवढंच म्हटलं की आबा, या गोळ्याही चांगल्या आहेत.

आमच्याकडे कपाशीवर फवारताना पंपात दोन कंपन्यांच्या बाटल्या ओततात, एकीने कीड मेली नाही तर दुसरीने मरेल म्हणून. आबांनी गोळ्यांचंही तेच केलं. फुकटच्या गोळीवर त्यांचा विश्वास नव्हता आणि लेकीने दिलेली टाकवत नव्हती, म्हणून सकाळी दोन्ही एकदम घेऊ लागले, आणि आठव्या दिवशी कपाशीच्या सरीत चक्कर येऊन पडले.

त्यांना धुळ्याला दवाखान्यात नेलं, मीही धावत पोचले, तिथे वहिनीने त्यांच्या गोळ्यांची पिशवी उपडी केली. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या उलटून बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, एकच औषध दोनदा कोणी दिलं? वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी दिलं, एवढंच मी म्हटलं.

दोन दिवसांनी आबा बसते झाले तेव्हा त्यांनीच त्यांच्या अहिराणीत विषय काढला, एकच गोळी शे तर तठे दुकानमा इतली महाग काबरं? मी म्हटलं, आबा, आपली मिरची गोणीत भरून दोंडाईच्याला जाते आणि रंगीत पुड्यात भरून परत येते तेव्हा भाव तोच राहतो का. पुड्याचे पैसे, नावाचे पैसे, गावोगाव फिरणाऱ्या कंपनीच्या माणसांचे, घाऊकवाल्याचे, दुकानदाराचे, सगळे त्यात आले. सरकार निविदा काढून अख्ख्या राज्यासाठी एकदम घेतं, म्हणून त्याला स्वस्त पडतं. काही गोळ्यांना सरकारने वरची किंमत बांधून दिलीय, पण तिच्या आतही दुकानात फरक राहतोच. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तू मिरचीनं सांगस, तुनं सांग, म्हणजे मिरचीचं नको, तुझं सांग. तुले माहीत व्हतं ना? मी मान हलवली. दुकानमा बठेल व्हती तव्हय बी? मी पुन्हा हलवली. ते भिंतीकडे तोंड करून निजले, आणि ती पाठ मला अजून दिसते हो, खिडकीवर बसल्या बसल्या दिसते.

आता मी बोलते. प्रत्येकाला म्हणते, घरातल्या जुन्या पट्ट्या घेऊन या, मागची अक्षरं दाखवते, रांगेतले चिडतात, आज औषध मिळेल का पुराण संपल्यावर मिळेल, असं म्हणतात. पण बोलूनही चैन नाही, कारण पुरवठादार बदलला की रंग बदलतो आणि लोक पुन्हा घाबरतात, आणि कधी साठाच संपतो, मग मलाच चिठ्ठी देऊन माणसांना बाहेरच्या दुकानात पाठवावं लागतं, त्याच भावाला.

गेल्या महिन्यात असंच झालं. आबांसाठी मी माझ्याच जुन्या मेडिकलवर गेले, स्वस्तातली मागितली, ती नव्हती, महागाची घेतली, आणि लगेच फोन करून सांगितलं, आबा, साठा नाही, म्हणून बाहेरची आणलीय, औषध तेच आहे, एकच घ्यायची. ते म्हणाले, आते सांगस ना, मंग बठ्ठं ठीक शे, बठ्ठं म्हणजे सगळं.

तुमच्या घरी कुणाला अशी गोळी लागू नये, एवढंच म्हणते. उद्या सोमवार, माझ्याकडे त्या गोळ्यांची दोनच खोकी उरलीत आणि रांग सकाळी आठपासून लागते.