बाबल गुरवाच्या दोन पाकळ्या

आलात? बसा, बसा. पुढं जागा आहे — पुढं बसलं की बुवा आपल्यालाच बोलतात, असं वाटतं ना? मागं बसलात तरी बोलणारच आहे! बसा.

तर मंडळी, गजर झाला, नमन झालं, आता आख्यानाला हात घालण्याआधी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. चांगल्या कामासाठी देवाच्या दारात थोडंसं — अगदी चिमूटभर — खोटं केलं, तर ते पाप की पुण्य? हं? काम चांगलं, कुणाचं वाईट नाही, उलट पोराबाळांचं भलंच! मग? पेटीवाले काका, तुम्ही मान डोलवू नका. तालमीला जातो असं घरी सांगून तुम्ही कुठं जाता, ते वहिनींनी मला आत्ताच सांगितलंय!

उत्तर नाही ना येत? मलाही येत नव्हतं. मग मला एक गुरव भेटला.

दक्षिण कोकणात सुरंगीवाडी नावाचं गाव आहे. चार वाड्या, एक शाळा, आणि मधोमध पावणाई देवीचं देऊळ. या देवळाचा गुरव बाबल. पूजा त्याच्याकडं, आणि कौल लावायचं कामही त्याच्याकडं. कौल म्हणजे काय, ते घाटावरच्या मंडळींना सांगतो. देवीच्या अंगावर दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या — एक उजवीकडं, एक डावीकडं. मग गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवीला मोठ्यानं साकडं घालायचं, प्रश्न विचारायचा, आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली — होय! डावी पडली — नाही! संपलं. एकदा कौल पडला की गावात कुणाची प्राज्ञा नाही तो मोडायची. कोर्टाचा निकाल मोडतील — तो तर हौसेनं मोडतील! — पण कौल नाही.

आणि बाबलचा हात सरळ. बाप गेल्यापासून कौल लावतोय, पण एकदाही कुणाच्या बाजूनं पाकळी लावली नाही. स्वतःच्या भावाच्या जमिनीचा कौल होता, तेव्हाही नाही. भाऊ अजून बोलत नाही त्याच्याशी!

तर एके दिवशी काय झालं, आरोग्य केंद्रातल्या नर्स मेस्त्रीबाई शाळेत आल्या. म्हणाल्या, चौदा वर्षांच्या मुलींसाठी नवी लस आलीय. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो, तो बहुतेक करून एका विषाणूमुळं होतो. त्या विषाणूशी गाठ पडायच्या आधी, लहान वयातच लस घेतली, तर पुढचं मोठं संकट टळतं. सोमवारी लसीचा डबा घेऊन येते, आईवडिलांची संमती घेऊन ठेवा. बाई बोलल्या आणि गेल्या.

बाई गेल्या — आणि गाव बोलत सुटलं! अहो, लस यायला अजून आठवडा होता, पण लसीची माहिती गावात आधीच पोचली! कुठून? मोबाईलवरून! एकानं सांगितलं, लस घेतली की पोर होत नाही. दुसरा म्हणाला, पोर होतं, पण उंची खुंटते. त्याला हे कुणी सांगितलं? त्याच्या मावसभावाच्या मेहुण्याच्या शेजाऱ्यानं! तो शेजारी काय करतो? मासे विकतो! कुणी म्हणालं, आपल्या पोरी काय वाईट चालीच्या आहेत, म्हणून आत्तापासून असली लस? कळलं का, मंडळी? पोलिओचे थेंब पाजताना कुणी बाळाची चालचलणूक विचारली नव्हती. पण दुखणं बाईच्या ओटीपोटाचं म्हटलं, की पहिला संशय बाईवर!

गावचे मानकरी दाजी परब. माणूस वाईट नाही हो. गावातल्या प्रत्येक लेकीच्या लग्नात मांडवाचा पहिला बांबू दाजींचा. पण त्यांचीही नात चौदाची, आणि उद्या तिच्या सासरच्यांनी विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीनं त्यांची झोप उडाली. भ्यालेल्या माणसाला काय हवं असतं? दुसऱ्या कुणीतरी निर्णय घ्यावा! दाजींनी जाहीर केलं, सोमवारी सकाळी देवीला कौल लावू. देवी म्हणेल ते सगळ्या मुलींना लागू.

आता बाबलच्या घरात चला. बाबलची नात समीक्षा, तीही चौदाची. मुलगा गोव्याला नोकरीला, सुनेच्या मनात समीक्षाला लस द्यायची होती, पण गुरवाच्याच घरानं कौल मोडायचा? म्हणजे डावी पाकळी पडली तर समीक्षाची लस गेली. आणि बाबलला ती लस हवी होती. नुसती हवी नव्हती — जीव तुटत होता त्याचा.

कारण बाबलची बायको द्वारका. तिला जाऊन दहाएक वर्षं झाली. कशानं गेली? गाव म्हणायचं, पोटदुखीनं. बाबलनंच तसं सांगितलं होतं. खरं काय ते त्याला आणि गोव्याच्या डॉक्टरांना ठाऊक. मेस्त्रीबाईंनी शाळेत ज्या दुखण्याचं नाव घेतलं ना, मंडळी — तेच.

सोमवार उजाडला. देऊळ भरलं. पुरुष सभामंडपात, बायका बाहेर ओटीवर, मुली शाळेच्या गणवेशात जांभ्याच्या पायऱ्यांवर. तिकडं शाळेत मेस्त्रीबाई डबा घेऊन बसलेल्या, दुपारी त्यांना पुढच्या गावाला जायचं. आणि गाभाऱ्यात बाबल एकटा, हातात पाकळ्या.

आता गुरवाच्या हाताची एक गंमत सांगतो. पाणी बेताचं लावलं, तर पाकळी तासभर हलत नाही. पाणी जरा जास्त झालं, की घसरते. हे बाबलच्या बोटांना पक्कं ठाऊक. आणि त्या सकाळी त्या सरळ बोटांनी काय केलं? उजवी पाकळी तांब्यात बुडवली — चांगली निथळेपर्यंत बुडवली! मनात म्हणाला, आई, तुझंच काम करतोय.

हे वाक्य ध्यानात ठेवा हो! माणूस देवाला फसवायला निघाला, की पहिलं वाक्य हेच असतं — देवा, तुझंच काम करतोय!

पण काम चांगलं होतं की नाही? होतं! एक थेंब पाणी जास्त, आणि गावच्या सगळ्या पोरींना लस! तुम्ही काय केलं असतं? मी तर तांब्याच उपडा केला असता!

बाबलनं पाकळी देवीच्या अंगाजवळ नेली, आणि त्याला द्वारका आठवली. शेवटी शेवटी अंथरुणावर असताना कुणी बाई भेटायला आली की ती बाबलला खुणेनं सांगायची, काही बोलू नका. मरताना पोटदुखी, मेल्यावर पोटदुखी. तिच्या दुखण्यावर इतकी वर्षं एक खोटं पांघरून ठेवलेलं, आणि आज त्याच्यावर हे दुसरं. बाबलला रडू आलं. त्यानं उपरण्यानं पाकळी टिपली, आणि दोन्ही पाकळ्या सारख्या पाण्यानं लावल्या. अगदी सारख्या. बाहेर आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

दाजींनी गाऱ्हाणं घातलं. काय आवाज! देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली. हे माये पावणाय, ह्यो सगळो गाव तुझ्या पायाशी उभो आसा... आणि दर वाक्याला पुरुष म्हणतायत — व्हय म्हाराजा! चेडवांका — म्हणजे पोरींना, बरं का — लस देवची असात तर उजवी सोड, नसात तर डावी सोड — व्हय म्हाराजा!

झालं गाऱ्हाणं. सगळे बघतायत. पाकळ्या हलतायत का? नाही. पाच मिनिटं. दहा. एकाला शिंक आली, ती त्यानं दाबली — न जाणो, शिंकेनं पाकळी पडायची! अर्धा तास गेला. देवी काही बोलेना. शाळेतून निरोप आला, बाई निघायच्या तयारीत आहेत.

पायऱ्यांवरच्या मुलींत समीक्षा होती. ती आजोबांकडं बघत होती. तेव्हा बाबल खांब सोडून पुढं झाला. म्हणाला,

"दाजी, वायच थांब. कौल आमी कसलो लावतो? जा माणसाक कळना नाय, त्याचो. रेडो हरवलो, खय गेलो ठाव नाय, तर कौल. पण ह्या माका ठाव आसा. ठाव असताना विचारलंय तर देवी म्हणात, बाबल्या, तुझे डोळे फुटले काय?"

दोघंतिघं हसले. बाबल हसला नाही.

"माझी द्वारकी पोटदुखीन नाय गेली. तिका गर्भाशयाच्या तोंडाचो कॅन्सर होतो. दोन वर्सां अंगावरसून जायत होता, तिना माका सांगूक नाय. लाजली. माका कळला, मी तुमका सांगूक नाय. मी पण लाजलंय. आता ता दुखणा अडवची लस शाळेत येवन बसली आसा, आणि आमी हय पाकळी बघत बसलो. ह्यात देवीक विचारूचा काय रवला?"

मंडळी, पुरुषांच्या तोंडून गर्भाशय हा शब्द त्या सभामंडपात पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. कुणी वर बघेना. आता काय होणार? दाजी चिडणार? बाबलचं गुरवपण जाणार?

आणि तेवढ्यात ओटीवरून एक आवाज आला. भागाआजी! पाठीत वाकलेली, काठी टेकत उभी राहिली आणि म्हणाली,

"व्हय म्हाराजा."

अहो, गाऱ्हाण्याला व्हय म्हणायचं ते पुरुषांनी! बायकांनी ऐकायचं, हात जोडायचे, घरी जाऊन भात लावायचा. पण आजी म्हणाली! आणि तिच्यामागून दुसरी म्हणाली — व्हय म्हाराजा! मग तिसरी! मग अख्खी ओटी — व्हय म्हाराजा! पोरी हसायला लागल्या, बायका हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. कारण प्रत्येकीला कुणीतरी पोटदुखीनं गेलेली आठवत होती. मावशी, जाऊ, आई. कुणाला काय झालं होतं, देव जाणे. विचारलंच कुणी नव्हतं!

त्या गोंधळात दाजींच्या मालकीणबाई उठल्या. नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही! नातीचा हात धरला आणि शाळेच्या वाटेला लागल्या. त्यांच्यामागं सगळ्या. मिरवणूकच ती! नुसता ढोल नव्हता.

दाजी गाऱ्हाण्याचे हात जोडलेलेच ठेवून उभे. म्हणाले, अरे, पण कौल? बाबल म्हणाला, कौल कोणाक सांगतलास? हय कोण आसा? दाजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, चपला शोधल्या, आणि तेही निघाले. शाळेत त्यांनी बाईंना अर्धा तास प्रश्न विचारले. पोर होतं का, उंची वाढते का, सगळं! बाईंनी न वैतागता एकेक उत्तर दिलं, पुढं मोठेपणी तपासणीही करत राहायची हेही सांगितलं, आणि मग दाजींनी नातीच्या कागदावर सही केली.

मी बाबलला विचारलं, अरे, शेवटी पाकळी कुठली पडली? तो म्हणाला, ठाव नाय बुवा. मी नातीचो हात धरूक शाळेत गेल्लंय. परत इलंय तर दोनय खाली!

आता सांगा मंडळी, पाप की पुण्य? अहो, बाबलला खोट्याची गरजच पडली नाही! खरं त्याच्याजवळ होतंच की. फक्त ते लाजेखाली दाबून ठेवलं होतं, आणि त्याच्यावर बसून बिचारा पाकळी भिजवत होता. आपण तरी दुसरं काय करतो? हसताय कसले, तुमच्याबद्दलच बोलतोय मी!

या मांडवातसुद्धा पोटदुखीनं गेलेल्या बायका आहेत. आहेत ना? त्यांच्या नाती इथं मांडीवर, सतरंजीवर बसल्यात. बुधवारी इथल्या शाळेतही लस आहे. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, दहा वेळा विचारा, दाजींसारखे विचारा! पण त्या नातीला तिची आजी कशानं गेली, ते आधी सांगा. दिवाणखान्यात फोटोला हार घालता, त्या बाईला काय झालं होतं, ते पोरीला कळू द्या.

आरतीचं तबक जरा खाली ठेवा. आधी त्या बायकांची नावं घेऊ या, मोठ्यानं, देवासमोर. हं, पुरुषमंडळी, खाली काय बघताय? पहिलं नाव तुमच्यातूनच येऊ दे. मी थांबलोय.